तिसऱ्या बोअरचं पाणी

सकाळी आठला गुरुबसप्पा पंप चालू करायचा आणि दाबाचा काटा हिरव्या रेघेवर येईपर्यंत जागचा हलायचा नाही. टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यानं बॉयलर सांभाळला होता. काट्याकडे बघत उभं राहणं त्याला जमायचं. घरात बसणं जमत नव्हतं.

घर शेतातच होतं, अक्कलकोट रस्त्याला, कुंभारी ओलांडल्यावर डाव्या हाताला. शेतातल्या बोअरला पाणी भरपूर, पण खारट. त्यावर ज्वारीसुद्धा करपायची. त्याच पाण्यासाठी पौषात एका कंपनीची माणसं आली. त्यांनी बोअरजवळ पत्र्याची शेड घातली, हजार लिटरची टाकी ठेवली आणि तिच्यापुढे वीतभर जाडीच्या दोन स्टीलच्या नळ्या आडव्या बसवल्या. कंपनीनं तपासायला घेतलेला हा तिसरा बोअर. रोजची देखभाल गुरुबसप्पाकडे आली. तपासणीचं काम कंपनीतल्या तरुण ऋतुजाकडे. ती मूळची करमाळ्याची, राहायची शहरात सात रस्त्याला खोली घेऊन, आणि स्कूटीवरून यायची.

"काका, मीठ म्हणजे एकच वस्तू नसते," पहिल्या दिवशी तिनं सांगितलं. "या पाण्यात दहा-बारा क्षार आहेत. नळीत जी पातळ गाळणी गुंडाळलीय ना, मेम्ब्रेन, ती बाकीच्यांना अडवते आणि एकट्या लिथियमला पलीकडे सोडते. बॅटऱ्यांना लागतं ते."

"दारवानच हाय की मग."

"दारवानच. पण लई शिस्तीचा."

तिनं एक यंत्र दाखवलं. त्यात गॅसची निळी ज्योत जळत होती. साधं मिठाचं पाणी सोडलं तर ज्योत पिवळी व्हायची. मग तिनं बाटलीतलं लिथियमचं दाट पाणी सोडलं. ज्योत लालभडक झाली.

"रंगावरून ओळखायचं. किती आहे ते यंत्र आकड्यात सांगतं."

गुरुबसप्पा त्या लाल ज्योतीकडे बघत राहिला. लिथियम हा शब्द त्याच्या घरात एकोणीस वर्षं होता.

चंद्रव्वाला, त्याच्या बायकोला, मनाचा आजार होता. कधी चार-चार दिवस झोप नाही आणि तोंड बंद नाही. कधी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती परत आली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. कागदावर आकडा यायचा, शून्य पूर्णांक सात, शून्य पूर्णांक आठ. "बरोबर आहे," डॉक्टर म्हणायचे. ते सगळे कागद एका निळ्या फायलीत होते.

ती गेली त्याला आता आठ महिने झाले होते.

पहिल्या दोन बोअरमध्ये काही सापडलं नव्हतं. या बोअरच्या गाळलेल्या पाण्यात पहिल्याच दिवशी आकडा आला, शून्य पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक सात. महिनाभर तेच दोन आकडे.

"माप वेगळं असंल नव्हं?" गुरुबसप्पानं विचारलं. "रक्ताचं आन् पान्याचं?"

"अगदी वेगळं. का हो काका?"

"न्हाय. सहज."

बोअरपासून तीस पावलांवर चंद्रव्वाची समाधी होती. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, भोवती विभूती आणि मीठ घालतात. गेल्या वैशाखात जंगमस्वामींनी सांगितलं तसं खडेमीठ आणलं, दोन पोती. ते गुरुबसप्पानं स्वतःच्या हातानं ओतलं. तिच्या गुडघ्यांपर्यंत, मग हातांपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. लोकांना वाटलं, केवढा धीराचा माणूस. ओतताना त्याच्या मनात एकच होतं. शेवटचे आठ दिवस आपण हिला मिठाचा खडा दिला नाही.

तिच्या पायाला सूज आली होती. सूज आली की मीठ तोडायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आईचं तोडलं होतं, चुलत्याचं तोडलं होतं. चंद्रव्वा थकली होती म्हणून स्वयंपाक तोच करायचा. आमटीत मीठ नाही, भाकरीत नाही. वर चव्वेचाळीस डिग्री ऊन. चौथ्या दिवशी ताटावर बसून तिनं बरणीकडे हात केला.

"स्वल्प उप्पु," ती म्हणाली. थोडं मीठ.

"बेडा," तो म्हणाला. नको. आणि बरणी उचलून फळीवर ठेवली.

ती रागावली नाही. अळणी जेवली आणि "छान झालंय," म्हणाली. आठव्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. दवाखान्यात रक्त तपासलं. दोन पूर्णांक नऊ. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, मीठ बंद केलं होतं का? या गोळ्या चालू असताना मीठ तोडलं की औषध अंगातच साठतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?

सांगितलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, तिला. फायलीच्या पहिल्या कागदावर लिहिलेलंही होतं. तो कागद त्यानं ती गेल्यावर वाचला. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती जेवली. का, हे विचारायला आता कुणी नव्हतं. तेव्हापासून गुरुबसप्पा अळणीच जेवत होता.

फाल्गुनात भिमा मेंढरं घेऊन आला. दरसाल तो त्या बाजूनं जायचा. शेडमागे उरलेलं खारं पाणी चरातून वाहायचं, तिथं मेंढरं लगेच भिडली आणि जमीन चाटायला लागली. पण गाळलेलं पाणी जिथं बारीक नळीतून कॅनमध्ये पडायचं, तिथं वीस-पंचवीस मेंढरं नुसती उभी राहिली. पीत नव्हती, चाटत नव्हती. माना खाली घालून गप उभी होती.

"आप्पा, ह्यास्नी काय झालंय?" भिमा म्हणाला. "मीठ सोडून मेंढरू असं हुबं ऱ्हात न्हाय. कुनीतरी अंगावरनं हात फिरवतंय जनू."

"ऊन लागलं आसंल."

"व्हय, उनानं मानूस येडं हुतंय. मेंढरू न्हाय."

वैशाख लागला तसा आकडा हलला. सोमवारी सकाळी एक पूर्णांक एक. मंगळवारी एक पूर्णांक चार. ऋतुजानं यंत्र पुसलं, नवा नमुना घेऊन पुन्हा तपासलं. तेच आलं. ती खूश होती.

"काका, तुमचा बोअर मनावर घेतोय बघा. शनिवारी मेम्ब्रेन काढून पुण्याला न्यायचीय. तोवर असंच चढलं तर मजा येईल."

गुरुबसप्पानं वहीतले आकडे पुन्हा वाचले. घरी जाऊन त्यानं कॅलेंडरची जुनी पानं काढली. गेल्या वर्षी त्यानं मीठ तोडलं तो सोमवारच होता. वैशाखातलाच, पहिला.

बुधवारी दोन. गुरुवारी सकाळी दोन पूर्णांक सहा.

त्यानं स्वतःला समजावलं. बोअर चारशे फूट खोल आहे, वरून लोखंडी पाइप घातलाय. समाधी सहा फूट. मधे काळा पाषाण. आणि तिच्या अंगात असून असून किती असणार, चिमूटभर. हे सगळं खरं होतं. तरी काट्याकडे बघत उभं राहणं आज त्याला जमलं नाही. पुढचा आकडा कुठला, ते त्याला माहीत होतं. त्याच्यापुढे आकडाच नव्हता, तेही माहीत होतं.

तो घरी गेला. फळीवरची चिनी मातीची बरणी वर्षभरात उघडली नव्हती. ती चंद्रव्वानं नव्या पेठेतून आणलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. जेवायला वाढताना ती बरणीतून मीठ घ्यायची, ताटात वर ठेवायची आणि अंगठ्यानं हलकेच दाबायची, आमटीत वाहून जाऊ नये म्हणून. तिच्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची तिरकी खूण होती. ती खूण दर जेवणाला मिठावर उमटायची.

तो बरणी घेऊन शेडवर आला. टाकीचं झाकण सरकवलं. आतलं पाणी मुळात खारटच, हजार लिटर. त्यात चिमटीनं काय होणार, हे बॉयलरवरच्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

"घे," तो पाण्याला म्हणाला. "मी अडवलं होतं. आता घे."

त्यानं एक चिमूट टाकली. मग आणखी एक.

संध्याकाळी आकडा आला एक पूर्णांक तीन.

शुक्रवारी सकाळी शून्य पूर्णांक आठ.

ऋतुजा कपाळाला हात लावून बसली. "असं एकदम कसं उतरेल? काका, टाकीत काही टाकलंत का?"

"चिमूटभर मीठ."

ती हसली. "त्या टाकीत आधीच पाच-सहा किलो मीठ आहे, काका. सांगायचं नसेल तर नका सांगू."

"सांगितलं की."

त्याच्याकडे नीट बघून ती वहीकडे वळली. आकडा लिहिता लिहिता खाली मान घालूनच म्हणाली, "तुम्ही आज बरे दिसताय."

शनिवारी दुपारी माणसं आली. पंप बंद केला, नळीचं तोंड उघडलं, मेम्ब्रेन ओढून काढली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीत ठेवली. पंपाचा आवाज थांबल्यावर शेतात इतकं शांत झालं, की समाधीवरच्या बेलाची पानं हलताना ऐकू आली. ऋतुजा जाताना म्हणाली, "येते, काका. जेवून घ्या वेळेवर."

तो घरी आला. रोजच्यासारखं ताट वाढून घेतलं. भाकरी, तुरीची अळणी आमटी, कांदा. पाण्याचा तांब्या भरायला तो मागच्या अंगणात गेला. फार तर दोन मिनिटं.

परत आला तर ताटात वरच्या बाजूला मीठ होतं.

बरणी शेडवर टाकीपाशीच राहिली होती. घरात दुसरं मीठ नव्हतं. पुढच्या दाराला आतून कडी होती.

तो खाली बसला. मीठ ओलसर होतं, पांढरं, बारीक, चपटं दाबलेलं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. ठशात तिरकी रेघ होती.

आमटीवर साय धरली.

मग तो उठला. गॅस पेटवला, ज्योत बारीक केली. ठसा मोडणार नाही अशा बेतानं कडेचे चार कण नखावर घेतले आणि ज्योतीवर सोडले.

मिठानं ज्योत पिवळी व्हायला हवी होती.

ती लाल झाली.

त्यानं गॅस बंद केला. ताटातल्या मिठाकडे अंदाजानं पाहिलं. दोन गोळ्यांएवढंच होतं.

गुरुबसप्पा पाटावर बसला. भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला आणि जेवला. सगळं जेवला.

"छान झालंय," तो म्हणाला.