मनगटाची दोरी

धरणाच्या पाण्यात खाली गेलं की हातापलीकडचं दिसत नाही. टॉर्च लावला तर उजेड गाळातच अडकून राहतो. म्हणून मी आणि मल्हारी बुडी मारताना दोघांच्या मनगटांना एक दोरी बांधून घ्यायचो. एक हिसका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ उत्तरालाही एकच. दोन हिसके म्हणजे ‘चल.’

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. नौदलातून सुटल्यावर मी नाशिकला गंगापूर रोडला खोली घेतली आणि एका कंत्राटदाराकडे पाणबुड्याचं काम धरलं. दिंडोरीच्या पुढे एका धरणाच्या दरवाजांसमोर लोखंडी जाळ्या होत्या. त्यांत अडकलेल्या फांद्या काढायच्या, गंजलेले बोल्ट बदलायचे. मल्हारी नामपूरचा, तोही नौदलातलाच. वर तो फारसा बोलत नसे, पण खाली गेलं की त्याचा हिसका अधूनमधून यायचाच.

त्या हिवाळ्यात त्याला समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरी लागली. कंत्राटदार म्हणाला, दुसरा माणूस मिळेपर्यंत एकट्यानं भागवून घ्या. एकट्यानं उतरायचं नाही हा आमच्या कामातला पहिला नियम, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तराफा तयार ठेवायला सांगितलं.

तराफ्यावर माझ्या कमरेचा दोर धरायला सोमा असायचा. पेठकडचा, शांत माणूस. मी टाकी पाठीला लावली, शिशाचा पट्टा आवळला आणि सवयीनं मनगटाला दोरी बांधली. तिचं दुसरं टोक द्यायला कुणी नाही, हे पाण्यात शिरल्यावर लक्षात आलं.

खाली माझ्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. पाना दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून मी दोरीचं मोकळं टोक सोडून दिलं. बराच वेळ काम केलं. मग मनगटाला एक हिसका बसला.

फांदीत अडकली असेल, म्हणून मी दोरी ओढून घेतली. ती सहज आली, टोकापर्यंत. टोकाला काही नव्हतं. पुन्हा सोडली, कामाला लागलो. थोड्या वेळानं पुन्हा हिसका. आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या हातानं उत्तर दिलं.

याबद्दल मी कुणाशी बोललो नाही. पाण्याला ओढ असते, दोरी हलणारच, अशी स्वतःची समजूत घातली. पण रोज दोरी बांधत राहिलो. खोलीवर गेलं की स्टोव्ह पेटवायचा, एकट्यापुरता भात टाकायचा. रविवारचा अख्खा दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. सोमवारी पाण्यात उतरलो की काही वेळानं कुणीतरी विचारायचं, ठीक आहेस ना? मी सांगायचो, ठीक आहे. त्यानंतर काम हलकं वाटायचं. कोण विचारतंय, हा प्रश्न हळूहळू मागे पडला.

फेब्रुवारीत एकदा शेवटच्या जाळीवर काम करत होतो. हवा संपत आली होती. मी निघणार, इतक्यात दोन हिसके आले.

चल.

बरोबरच होतं. मी वर निघालो.

दोरी ताणली गेली. ती वर येत नव्हती. ती खाली जात होती.

पुन्हा दोन हिसके. सावकाश, समजावल्यासारखे.

वरून सोमानं कमरेचा दोर ओढला. मी मध्येच लटकत राहिलो. मला सगळ्यात भीती कशाची वाटली, तर मला जावंसं वाटत होतं याची.

मी सुरा काढून मनगटाजवळ दोरी कापली.

घाईनं वर आल्यामुळे कानातून रक्त आलं. सोमानं टॉवेल दिला.

“दोर लय जड झाला व्हता, यादवभाऊ,” तो मला म्हणाला. “दोघांचं वजन असल्यावानी.”



कान बरा होईपर्यंत पाणी वर्ज्य, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग कंत्राटदारानं गोरक्ष नावाचा पाणबुड्या आणला. पंचविशीतला, अंगानं भक्कम, कायम एकट्यानं काम केलेला. जोडीदार म्हणजे खाली आणखी एकाची काळजी, असं त्याचं मत. मी त्याला घडलं ते सगळं सांगितलं. मनगटाला काही बांधू नकोस आणि मी सोबत येईपर्यंत उतरू नकोस, असंही सांगितलं. त्यानं पहिलं ऐकलं.

त्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. मी तराफ्यावर सोमाच्या शेजारी उभा होतो. गोरक्षचे बुडबुडे जाळीकडे सरकत गेले आणि एका जागी थांबले. मला काळजी वाटायला हवी होती. वाटला तो हेवा.

वेळेवर तो वर आला. आमच्याकडे पाठ करूनच त्यानं तराफ्याची कड धरली, मास्क काढला, आणि तसाच पाण्याकडे बघत राहिला. सोमानं दोर गुंडाळायला घेतला.

“थांबा जरा,” गोरक्ष म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “यादवभाऊ अजून वर आले नाहीत.”