तिसऱ्या मजल्याची बाल्कनी

तिसऱ्या मजल्याची बाल्कनी भरदुपारी कोसळली आणि तिच्यावर उभा असलेला रंगारी जागच्या जागी गेला. पोलिसांनी साइट इंजिनिअरला उचललं. त्याची बायको आता वहिनींसमोर बसली होती.

वहिनी खासगी तपास करत. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवायला एक नंबर. बाकी डोक्याच्या बाबतीत आनंदीआनंद.

"कॉम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल आहे, त्यातल्या फोटोत सळ्या व्यवस्थित दिसतात," इंजिनिअरची बायको म्हणाली. "मग काँक्रीट ओतताना ह्यांनीच त्या मजुरांना तुडवू दिल्या, असं पोलीस म्हणतात. ह्यांच्या गळ्यात दोन साइट होत्या हो. फोटो बघून सही करायचे. आता जन्म तुरुंगात जाईल."

भाऊजींनी गाडी काढली.

साइटच्या ऑफिसात मॉडेल सांभाळणारी मुलगी रडून लाल झाली होती. पडद्यावर अख्खी इमारत उभी होती. कुठल्याही बाल्कनीवर क्लिक केलं, की तिचा बांधकामातला फोटो उघडे.

"फोटो मॅनेजरसाहेब पाठवतात. कुठला कुठे जोडायचा तेही तेच सांगतात."

फोटोत वरच्या सळ्या नीट बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर नागमोडी कडेची सावली पडली होती. वहिनींनी आणखी बाल्कन्या उघडायला लावल्या, त्याच कंत्राटदाराच्या शेजारच्या राहत्या इमारतीच्यासुद्धा. सगळीकडे तसंच.

"काम कसं एकसारखं आहे," भाऊजी कौतुकानं म्हणाले.

"फारच," वहिनी म्हणाल्या.

सळ्या बांधणारा मिस्त्री हादरून गेला होता. "खालच्या सळ्या मी बांधतो. वरच्या दुसरी टोळी बांधते, असं मॅनेजर म्हणाले."

"ती टोळी पाहिलीत कधी?"

"मी घरी गेल्यावर येत असेल."

"सळ्या बांधताना डोक्यावर काय असतं?"

"काय असणार? ऊन. वरचा मजला व्हायचाच असतो ना."

मॅनेजर कंत्राटदाराचा जावई. शेजारच्या इमारतीतच राहायचा. घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पण बाल्कनीच्या दाराला भलंमोठं कपाट लावलेलं होतं.

"धूळ फार येते," तो म्हणाला. भाऊजींना पटलं.

संध्याकाळी वहिनींनी पोलीस अधिकाऱ्यासह सगळ्यांना मॅनेजरच्या घरीच बोलावलं.

"बाल्कनी वरच्या सळ्यांवर तरते," त्या म्हणाल्या. "त्या बांधताना वर उघडं आभाळ असतं. मग ती नागमोडी सावली कशाची? पत्र्याच्या शेडची. शेडमध्ये एकच नमुना बांधला, वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि तेच सगळ्या बाल्कन्यांना जोडायला दिले. दुसरी टोळी नव्हतीच. लोखंड बाहेर विकलं गेलं."

"हे त्या मुलीनंही केलं असेल," मॅनेजर म्हणाला.

"धूळ खिडकीतून येत नाही का हो? तुम्ही फक्त बाल्कनी बंद केलीत. तिच्यात काय नाही, ते तुम्हाला ठाऊक होतं."



"इंजिनिअरला न बघता केलेली सही भोवेल," अधिकारी म्हणाला, "पण हा मृत्यू त्याच्या माथी नाही." इंजिनिअरच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं.

मॅनेजरची बायको मात्र नवऱ्याकडे बघत राहिली होती.

"माझी ताई वरच राहते," ती म्हणाली. "तिची पोरं दिवसभर बाल्कनीत असतात. तुम्ही रोज खालून त्यांना हात करता."

भाऊजी जिन्याकडे धावले आणि 'बाल्कनीत जाऊ नका' असं ओरडत दिसेल ते दार बडवत सुटले.