हिरव्या शाईची सही

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली आणि कागद पायऱ्यांवर पसरले.

“लागलं का हो?”

“माझं राहू द्या, चारला छपाई सुरू होईल!” ती भराभर कागद गोळा करू लागली.

एका कागदाच्या समासातली लाल शाई पाहून तो थबकला. “म्हणजे... लाल शाई तुम्ही?”

तिने वर पाहिलं. त्याच्या खिशावर हिरवा डाग होता. सहा महिने या शब्दकोशाच्या कचेरीत, वेगवेगळ्या मजल्यांवर बसून, दोघं फक्त समासातूनच बोलले होते, ती लाल शाईत, तो हिरव्या. तो ग्रीक शब्दांचे अर्थ लिहायचा, ती मुद्रितं तपासायची. आणि भेट व्हायची ती आज, घोळ घातल्यावर!

“एक्लेसिया,” ती पुटपुटली. “मी ‘चर्च’ हा अर्थ सगळ्यांत वर घेतला. उद्या माझ्या कायम नोकरीचं ठरणार, आणि आज...”

“पण आपल्या कोशात जुना अर्थ आधी असतो.”

“ठाऊक आहे हो! माझे बाबा सुतार, चर्चचे बाक करतात. शब्द पाहिला आणि मला बाकच दिसले.”

तो हसला. “बाक फार उशिरा आले. आधी शहराच्या कामासाठी बोलावलेली नागरिकांची सभा. मग एका श्रद्धेनं जमलेली मंडळी. त्यानंतर ती जिथे जमायची, ती वास्तू. आधी माणसं, मग भिंती.”

“शिकवणी नंतर घ्या, आधी खाली चला!”

छपाईवाल्या काकांनी कुरकुरत अर्थांचा क्रम बदलायला घेतला, पण एक चिठ्ठी पुढे सरकवली. “चूक ज्याची, सही त्याची. ही थेट मोठ्या साहेबांकडे जाते.”

त्याने पेन काढलं. तिने चिठ्ठी ओढून घेतली. “उपकार नकोत. चूक माझी.” तिने लाल शाईत सही ठोकली.

त्याने तिच्या खाली हिरव्या शाईत सही केली. “शेवटची तपासणी माझी होती. मी मजकूर वाचलाच नाही.”

“का?”

“समासातलं लाल अक्षर... तेच पुन्हा पुन्हा वाचत बसलो.” त्याचे कान तापले.

काका खाकरले. “हेही साहेबांना कळवू का?”

तेवढ्यात वर साहेबांची घंटा वाजली. “चिठ्ठ्या मागवतायत, घेऊन जा,” काका म्हणाले.

“मी येतो बरोबर,” तो तिला म्हणाला.

“आणि नोकरी गेली तर?”

“तर समास उरणार नाही. मग मला तोंडानं बोलावं लागेल — रोज.”

“जमेल?” भीत भीत का होईना, ती हसली.

“आज जमलं की!”

लाल-हिरवी शाई अजून ओली होती. म्हणून दोघांनी चिठ्ठी एकेका कोपऱ्याला धरली आणि जिना चढायला घेतला.