तुरीवर टांगलेली सीडी

"मॅडम, अर्ज टाइप करून मिळते का इथं?"

दारात एक उंच, घामाघूम पोरगा उभा... आणि नेमकं तेव्हाच उर्वशीच्या डोळ्यांत पाणी. नको त्या वेळी कोणीतरी टपकतंच!

"मिळते. पण आज मराठीच उमटून नाही राह्यली."

कापसाच्या मंदीत बंद पडलेल्या दिग्रसच्या जिनिंगच्या कचेरीत तिनं हा टायपिंगचा क्लास मोठ्या हिमतीनं उभा केला होता. आज दुपारी तीनला यवतमाळहून परीक्षक येणार होते. आठ मुलींची परीक्षा हुकली तर क्लासची मान्यता गेलीच. आणि सकाळी एकुलत्या एका कॉम्प्युटरवर मराठीचं पॅकेज बसवताना भारनियमनानं घात केला. लाईन परत आली, पण कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स रुसलं ते रुसलंच. काही म्हणता काही बसवू देईना.

"मी पाहू?" तो तिच्या खुर्चीमागून वाकला. नाव संघर्ष, राहणार आर्णीचा; यवतमाळला कॉम्प्युटर शिकत होता. साध्या साबणाचा वास आला... उर्वशी उगाच सावरून बसली.

"सगळं काढून टाकू का?" तिनं विचारलं.

"कायले? अर्धवट राह्यलेलं पुरं करायचं असते." त्यानं काहीतरी टाइप केलं, थांबला. "एक फाईल अर्धीच उतरली. फोनची लाईन?"

"वीज गेली तेव्हापासून तीही बंद."

"मंग लिनक्सची सीडी कुठं हाय?"

उर्वशीनं जीभ चावली. "अंगणात... आईनं वाळत घातलेल्या तुरीवर टांगली. चिमण्या येतात ना!"

तो खो-खो हसला. दोघं शेजारच्याच तिच्या घराच्या अंगणात धावले. दोऱ्याला सीडी गरगर फिरत होती. त्यानं रुमालानं पुसली, तिनं ओढणीनं. बोटांना बोटं लागली — हात मात्र कोणीच मागे घेतला नाही.

सीडी घरघरली, थांबली... पुन्हा फिरली. पडद्यावर ठसठशीत 'क' उमटला!

"आलं!" उर्वशीनं टाळीच वाजवली. पावणेतीन झाले होते. त्याची परतीची बस कधीच गेली होती.

पाळीपाळीनं बसून आठही पोरी पास झाल्या. क्लास राहिला! संध्याकाळी उर्वशीनं त्याचा अर्ज झरझर टाइप करून दिला.

"काही बिघडलं तर बोलवा," तो दारात घुटमळला.

"आन् नाही बिघडलं तर?"

त्यानं हातातला अर्ज उगाच उलटून पाहिला. मग तिनंच कीबोर्ड ओढला, मन घट्ट केलं आणि टाइप केलं — 'मले तुमी आवडले.'

संघर्ष लालबुंद झाला. खाली बसला. एकेक मराठी अक्षर हुडकत त्यानं 'मलेबी' एवढंच लिहिलं, त्याला पाच मिनिटं लागली.

"टायपिंग शिकवा लागते तुमाले," उर्वशी हसत म्हणाली.

"उद्यापासून येतो," तो म्हणाला.