अस्वलाची डावी मूठ

तिनं दार ढकललं तेव्हा आत एक चांगला सहा फुटी माणूस चार पायांवर चालत होता... आणि रडत होता.

लेखिका म्हणून तिचा कामाचा पहिला दिवस. बैठकीची खोली उजवीकडे आहे असं सांगितलेलं, ही शिरली डावीकडे. समोर भिंतभर आरसा, आणि आरशात तो रडणारा माणूस दुसऱ्यांदा.

"दोन मिनिटं थांबा हं," तो जमिनीवरूनच म्हणाला. "मी घर सोडून चाललोय."

"जा की! पण दार इकडे आहे. तुम्ही कपाटात शिरताय."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी, गुडघ्यांना धूळ, आणि ओठांवर असं काही हसू की लेखिकेच्या हातातल्या कागदांनी आपण होऊन उडी मारली. कागद आपण होऊन उडी मारत नाहीत, हे शहाण्यांना ठाऊक असतं. पण त्या दिवशी मारली, आणि चव्वेचाळीस पानं गोळा करायला दोन धडधाकट माणसांना पाऊण तास लागला. पानंही लबाड, दोघांचे हात एकाच पानावर पडतील अशीच पडली होती.

तर ती होती कार्टूनचे चित्रपट बनवणारी कंपनी. तिथली माणसं आधी आरशासमोर स्वतः नाचतात, पडतात, रडतात, त्याचं चित्रण करतात, आणि मग तेच बघत बघत कॉम्प्युटरमधल्या प्राण्याला चालवतात. हा गडी आठ वर्षं एकच प्राणी चालवत होता, बाप अस्वल. त्याला सगळे अस्वल्याच म्हणायचे. बँकेतून फोन आला तरी तो "अस्वल्या बोलतोय" म्हणून मोकळा व्हायचा.

पहिल्या चित्रपटात पुरात आई अस्वल वाहून जाते, आणि बाप आपल्या पिल्लाला म्हाताऱ्या घुबडाच्या ओटीत घालून धुक्यात निघून जातो. दुसऱ्यात बापाचा पत्ता नाही, नुसते पावलांचे ठसे. आता तिसऱ्यात तो परत यायचा होता. तो का गेला, आणि पिल्लानं त्याला घरात घ्यायचं की नाही, हे ठरवायला लेखिकेला आणलं होतं.

"आणि ही पोरांची पत्रं," अस्वल्यानं चार पोती दाखवली. "सगळ्यांचा एकच प्रश्न. जाताना बाबाच्या डाव्या मुठीत काय होतं?"

"काय होतं?"

त्यानं इकडे तिकडे बघितलं. "कोणाला सांगणार नाही ना? काहीच नव्हतं! कॉम्प्युटरमधल्या अस्वलाला आतून हाडं द्यावी लागतात. चित्रपट लागायच्या अकरा दिवस आधी माझ्या हातून डाव्या पंजाची हाडं अशी गुंतली की मूठ उघडेचना. म्हटलं, राहू दे मिटलेली, कोण बघतंय?"

"आणि?"

"सगळ्या जगाच्या पोरांनी बघितलं!"

लेखिका इतकी हसली की शेजारच्या खोलीत एका संगीतकाराचं रेकॉर्डिंग वाया गेलं. मात्र ते हसू त्याला आवडलं म्हणून त्यानं ठेवून घेतलं, आणि पुढे एका बदकाला दिलं, असं म्हणतात.

मग रोज सकाळी दोघं आरशासमोर. ती संवाद वाचायची, तो अस्वल व्हायचा. एकमेकांकडे सरळ बघायची दोघांनाही चोरी. पण आरशात बघणं म्हणजे काही बघणं नव्हे, नाही का?

"तुम्ही माझ्याकडे बघताय," तो आरशाला म्हणायचा.

"मी अस्वलाकडे बघतेय."

"अस्वलाचे केस विस्कटलेत का?"

"अस्वलाला शोभतील इतपत."

असे तीन आठवडे गेले. मग कथेची बैठक झाली आणि सगळं बिनसलं.

दिग्दर्शक बाईंनी विचारलं, "काय लेखिका, बापाला माफी द्यायची?"

"अजिबात नाही," लेखिका उभीच राहिली. "परत येऊ दे, पण दारातून परत पाठवायचा. दुःख झालं, म्हणून पळाला म्हणे! दुःख काय त्याच्या एकट्याच्या वाट्याचं होतं? पिल्लाची आई गेली नव्हती? माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्या बाबांनी मला शाळेत जाताना वेणी घातली. वाकडी घातली, पण घातली! ज्याला राहायचं तो राहतो. बाकी सगळी कारणं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अस्वल्यानं नाही वाजवल्या. तो पेन्सिलीला टोक करत बसला, पार पेन्सिल संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं अस्वल चालेना. चाललं तर लाकडाचं चालल्यासारखं. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "शुक्रवारी बाप परत येतो तो प्रसंग पक्का व्हायलाच हवा. तुमच्या अस्वलाला झालंय काय?" बुधवारी दुपारी लेखिकेनं आरशाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग माझ्याकडे बघत का नाही? आरशातसुद्धा?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मला एक मुलगी आहे. सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, आठ दिवसांच्या तापानं. मी मुलीला बहिणीकडे ठेवलं. म्हटलं, आठ दिवस... जरा सावरतो, मग आणतो. त्या आठ दिवसांचे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "ती थेट आईसारखी हसते हो. आधी दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. आता फोन करतो. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्या अस्वलाचा मलाच राग यायचा, म्हणायचो, काय बाप आहे! आणि मग..."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुमचा निकाल आधी लागला."

लेखिका उठली आणि निघून गेली. आणि जिन्यात तिच्या लक्षात आलं की निघून जाणं किती सोपं असतं.

घरी पोचताच तिनं बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. वेणीचंही.

"बाबा? ऐकताय ना?"

"अगं... मीसुद्धा गेलो होतो."

"कुठे?"

"कुठे असं काही ठरवलं नव्हतं. तुझी आई गेल्यावर घरातून निघालो, तीन आठवडे आलो नाही. एका मित्राच्या गोदामात झोपायचो. तू आत्याजवळ होतीस. तिनं तुला कधी सांगितलं नाही?"

लेखिका पलंगाच्या कडेवर बसली. "मग परत कसे आलात?"

"एका सकाळी आलो. सबबींची यादी पाठ करून आलो होतो! पण आत्यानं काही विचारलंच नाही. माझ्या हातात कंगवा दिला नि म्हणाली, 'पोरीला शाळेला उशीर होतोय, वेणी घाल.' मला कुठे येत होती? म्हणून तर ती वाकडी झाली." बाबा हलकेच हसले. "तू सहा महिने माझ्याशी बोलली नव्हतीस बरं का. हूं नाही की चूं नाही. पण डोकं पुढे करायचीस."

गुरुवारी लेखिका दिवसभर कोणाला दिसली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं अस्वल्यापुढे तीन पानं ठेवली. "मी पिल्लू बनते. तुम्ही अस्वल व्हा. मुठीत काही नाही. पुरात आई अस्वलाचा पंजा त्याच मुठीतून सुटला, म्हणून ती त्यानं पुन्हा उघडलीच नाही."

तो वाचून थांबला. मग चार पायांवर आला आणि आरशासमोर, नसलेल्या दारात, उभा राहिला. डावी मूठ घट्ट.

लेखिका पिल्लासारखी गुरगुरली, "मला काटा लागलाय. काढ."

"पिल्ला, मी... मला तुला सांगायचंय..."

"मी अजून रागावलेय. आधी काटा."

तिनं तळपाय पुढे केला. काटा एका हातानं निघत नाही, हे अस्वलांनाही ठाऊक असतं. अस्वल्या त्या पायाकडे बघत राहिला. मुठीचं एक बोट उघडलं, मग दुसरं... आणि उघडी मूठ तोंडावर धरून तो असा रडला की चित्रण करणारा माणूस कॅमेरा बंद करायला विसरला. तोच प्रसंग पुढे अस्वलाच्या रूपात जसाच्या तसा पडद्यावर गेला. एक हालचालही बदलली नाही.

दिग्दर्शक बाई दारात उभ्या होत्या. "पक्का," एवढंच म्हणाल्या आणि नाक पुसत गेल्या.

"माफी दिलीत म्हणायची?" तो थोड्या वेळानं म्हणाला.

"काम दिलंय. माफीचं काय ते पिल्लू बघेल," लेखिका म्हणाली. "चुकले मी. तुमचं जाणं बरोबर होतं असं नाही म्हणत हं. पण निकाल देणारी मी कोण?"

"तू कोण..." त्यानं प्रथमच आरसा सोडून सरळ तिच्याकडे बघितलं. "उद्या शनिवार आहे. मी मुलीला आणायला चाललोय. एकट्यानं गेलो तर दारावरून परत फिरेन. स्वतःला ओळखून आहे मी. तू... येशील?"

"कोण म्हणून येऊ?"

"ते मला नीट सांगता येणार नाही. शब्द तुझ्याकडे असतात. माझ्याकडे नुसती हालचाल." आणि त्यानं हात पुढे केला, तळवा वर, मोकळा.

"तू" म्हणायला तिला आणखी एक मिनिट लागलं. हात धरायला तेवढंही नाही.

शनिवारी दुपारी अस्वल्याच्या बहिणीच्या घराच्या पायरीवर मुलगी बसलेली होती. गुडघ्याला चिकटपट्टी, दप्तर मांडीवर, हाताची घडी. बाबा येणार म्हणून आत्यानं सांगितलं होतं. ती सकाळी आठपासून बसली होती, पण ते काही ती कबूल करणार नव्हती.

"किती वेळ आहेस?" तिनं बापाला विचारलं.

"तुला न्यायला आलोय. कायमचं. तू यायला तयार असशील तर."

"माझी शाळा?"

"तिकडे बघून ठेवलीय. घरापासून चालत सहा मिनिटं."

"कोणाची सहा मिनिटं? तुझी का माझी?"

तो गडबडला. "माझी. तुझी... नऊ होतील."

"हं," ती म्हणाली. हाताची घडी सुटली नाही. मग तिनं लेखिकेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ही कोण?"

लेखिका पुढे झाली आणि खाली वाकून म्हणाली, "मी पण तुझ्या बाबावर रागावले होते."

"खूप?"

"खूप. सगळ्यांसमोर."

"मग आता?"

"आता आवडतो. पण थोडा राग शिल्लक आहे."

मुलीनं विचार केला. तोंडावर हसू यायला निघालं होतं, ते तिनं गालातच दाबलं. मग ती पायरीवर एका बाजूला सरकली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"बस," ती लेखिकेला म्हणाली. "आपण दोघी इकडे. आणि बाबा, तू समोर बस. पहिल्यापासून सांग."