तिसरा पुकारा

पट्ट्याचं बक्कल निखळलं होतं, म्हणून भोंगा त्या दिवशी घरून जरा लवकर निघाला आणि कोर्टाच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"आज तुझ्या लेकीची तारीख ना?" म्हाताऱ्याने दाभण हातात घेत विचारलं.

"हो."

"मग रजा टाकायचीस. बापानंच कशाला पुकारायचं?"

"दुसऱ्याच्या हाकेला ती ओ देत नाही," भोंगा म्हणाला. "लहान असताना आई घसा फोडून बोलवायची, तरी ही ढिम्म. माझी हाक गेली की कुठूनही धावत यायची."

म्हाताऱ्याने टाका घट्ट ओढला आणि मान खाली घातली. पोर नाहीशी होऊन वर्ष उलटलं होतं आणि बाप अजून हाकेच्या गोष्टी करत होता.

भोंगा हे काही त्याचं नाव नव्हे. पण कोर्टात पुकारा करण्यात त्याची हयात गेली होती आणि खरं नाव आता पगारापुरतं उरलं होतं. दालनाच्या दारात उभं राहायचं, ज्याचं प्रकरण असेल त्याचं नाव त्या लांबलचक व्हरांड्यात तीनदा पुकारायचं, एवढंच काम. आत बसलेल्या न्यायाधीशांना व्हरांडा दिसत नसे. त्यामुळे हाकेला ओ कुणी दिली हे पुकारेवाल्याने आत वळून सांगायचं, आणि तो 'हजर' म्हणाला तर हजर, 'गैरहजर' म्हणाला तर गैरहजर असं कारकुनाने लिहायचं, हा तिथला जुना रिवाज. आवाज असा खणखणीत, की खाली चहा पिणारी माणसं कप टाकून जिना चढायला लागत. घरी त्याने जरा मोठ्याने पाणी मागितलं की बायको म्हणे, "हळू हो, शेजारचे हजर होतील."

आणि माणूस सरळ होता. एकदा एका बड्या असामीच्या माणसाने त्याला बाजूला घेऊन सुचवलं होतं, की अमक्या विधवेचं नाव जरा पुटपुटल्यासारखं घे, तिला ऐकू नाही आलं म्हणजे झालं. भोंग्याने ते नाव असं पुकारलं की वळचणीची कबुतरं उडाली. खोटा पुकारा त्याने कधी केला नव्हता.

लेक बापाचाच आवाज घेऊन जन्माला आली होती. रंगखान्यात कामाला होती, सुताला रंग द्यायच्या कामावर. कोपरापर्यंत हात निळे. तिथे पाळी सुरू झाली की मालक दारं बाहेरून बंद करून घ्यायचा. बायका मध्येच उठून जातात म्हणे. एका पाळीत आग लागली आणि कुलपं उघडेपर्यंत आत कुणी उरलं नाही. लेक त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होती म्हणून वाचली. वाचली, पण गप्प बसेना. चार मैत्रिणींना घेऊन ती फाटकासमोर जाऊन बसली आणि आत जळून गेलेल्या एकेकीचं नाव मोठ्याने पुकारायला लागली. रोज. मालकाची गाडी आत शिरताना तर मुद्दाम. धंदा बापाचाच, फक्त दार वेगळं.

मग एका सकाळी पोलिसांची गाडी आली आणि पाचही जणींना घेऊन गेली. अख्ख्या रस्त्याने पाहिलं. फौजदार म्हणाला, आम्ही कुणालाच आणलं नाही.

वकीलबाईंनी पाच घरांचे पाच अर्ज केले होते: आमच्या मुली कोर्टासमोर आणा. पहिला अर्ज भोंग्याचा, आणि त्याच्यावरच बाकीचे लटकलेले. त्या दिवशी आत जाण्याआधी बाईंनी भोंग्याला खिडकीपाशी घेतलं.

"सरकारी वकिलांनी मागणी केलीय, की तिचा पुकारा करा. ती याच शहरात लपलीय म्हणतात. ओ आली तर ती हरवलेली नाही, अर्ज मिटला. तुमचा मिटला की त्या चौघींचेही मिटले."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या तारखेला फौजदाराला पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर उत्तर द्यावं लागेल. बाहेर एखादी भाडोत्री बाई उभी करतील हं... आवाज नीट ओळखा."

"माझ्या पोरीचा आवाज मी ओळखणार नाही?" भोंगा म्हणाला. त्याला जवळजवळ हसूच आलं.

दुपारी प्रकरण निघालं. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती, हातात हात घट्ट धरून. पुढे फौजदार ऐटीत पाय पसरून बसला होता. न्यायाधीश सभ्य गृहस्थ होते, आणि सभ्य माणसांना प्रकरण लवकर मिटलेलं आवडतं. त्यांनी मान हलवली. भोंगा दारात जाऊन उभा राहिला.

त्याने पहिल्यांदा नाव घेतलं. व्हरांड्यातल्या बाकांवरची माणसं बोलायची थांबली. आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि नुसताच परत आला.

त्याने दुसऱ्यांदा नाव घेतलं. आता एक वास यायला लागला. आंबट, घशाला झोंबणारा. हा वास त्याच्या घरात रोज संध्याकाळी यायचा, लेक दारात चपला काढायची तेव्हा. त्याचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

तिसऱ्यांदा त्याने हाक मारली ती पुकारा म्हणून नव्हे. घरी मारायचा तशीच मारली.

"आले, बाबा!"

अख्ख्या दालनाने ऐकलं. कारकुनाचं पेन थांबलं. मागच्या बाकावरून बायको ताडकन उठली. "आली! अहो, आली ती..."

शिपाई व्हरांड्यात धावला. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. जवळपास बाई म्हणून कुणी नव्हतीच.

भोंगा मात्र जागचा हलला नाही. आयुष्यभर त्याने माणसांच्या ओ ऐकल्या होत्या. माणूस आधी श्वास घेतो, मग ओ देतो, मग पावलं वाजतात. या ओच्या आधी श्वास नव्हता. नंतर पावलं नव्हती. आवाज लांबून आलाच नव्हता. त्याच्या कानाशीच उमटला होता, आणि तो वास आता त्याच्या अगदी अंगाला लागून उभा होता. त्याला कळलं. वर्षभर जे सगळ्या गावाला कळलं होतं आणि त्याला कळून घ्यायचं नव्हतं, ते त्या एका शब्दात कळलं.

"ऐकलंत, साहेब?" सरकारी वकील उठले. "ओ दिली आणि पळाली. म्हणजे आहे, जिवंत आहे. अर्ज मिटला."

आपल्याच वकिलाच्या विजयावर फौजदार काही खूश दिसत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी समोरचा बाक धरला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ती ओ येणं शक्य नाही, हे त्या दालनात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पुकारेवाल्याने सांगायचं. आवाज तिचा आहे, की दुसऱ्या कुणाचा?"

भोंग्याने तोंड उघडलं. आणि कानाशी, फक्त त्यालाच ऐकू येईल इतक्या हळू...

"सांगा ना, बाबा... मी आहे म्हणून."

तिचं नाव घेऊन 'हजर' म्हणायचं, बस. इतकं सोपं होतं ते. पोर बापाच्या हाकेला आली होती, कुठून कुठून, कशी आली असेल देव जाणे. आणि तो हजर म्हणाला असता, तर फौजदार मिशीवर हात फिरवत घरी गेला असता, चार घरांचे अर्ज त्याच कागदाखाली गाडले गेले असते, आणि रंगखान्याची दारं पुन्हा बाहेरून बंद झाली असती. ज्यासाठी ती गेली, तेच तिच्या ओने बुडवलं असतं. तिला ते माहीत नव्हतं. ती बिचारी फक्त हाक ऐकून आली होती.

"तिचा नाही, साहेब," भोंगा म्हणाला.

"खोटं!" बायको किंचाळली. "अहो, असं काय करता! आपली आहे ती..."

"पत्नी आहेत का तुमच्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब." त्याचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पोर गेल्यापासून... तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला भास होतात. हा आवाज माझ्या मुलीचा नाही. दुसरंच कुणीतरी आहे. गैरहजर, साहेब."

कारकुनाने गैरहजर लिहिलं. तो वास तेवढ्यात गेला, दिव्याचं बटण दाबावं तसा. भोंग्याच्या अंगाची ती बाजू एकदम गार पडली.

घरी बायको त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण बोलायची नाही. तो समजावायला जाई, की अगं, ऐक, फौजदार आता पिंजऱ्यात येतोय, चार घरं आशेने बसलीत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदाच म्हणाली, तेही त्याच्याकडे न बघता.

"बापच नाही म्हणाला... आता ती कुठे जाईल?"

त्या रात्री भोंग्याने उशी तोंडात धरून रडून घेतलं.

पुढच्या तारखेला दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. चारही घरची माणसं आली होती. रंगखान्यातल्या बायका आल्या होत्या, निळे हात पदराखाली न लपवता. फौजदार आज ऐटीत नव्हता. सारखा दाराकडे बघत होता. त्याला पिंजऱ्यात घ्यायच्या आधी नियमाप्रमाणे हरवलेल्या व्यक्तीचा पुन्हा एकदा पुकारा करायचा होता.

भोंगा दारात उभा राहिला. तिने ओ देऊ नये म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता, आणि द्यावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. बापाचं मन, दोन्ही एकदम मागत होतं.

पहिला पुकारा झाला. काही नाही.

दुसरा झाला. काही नाही. वासही नाही.

तिसऱ्या वेळी त्याने नाव पुरं केलं आणि वाट बघितली. व्हरांडा शांत होता. तो आत वळणार, इतक्यात त्याच्या बाजूला, जरा अंतर राखून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं कुणीतरी अदबीने विचारलं.

"कुणाला बोलावताय, काका?"

आवाज तिचाच होता. भोंग्याने मागे पाहिलं. दालनातल्या कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बायकोही मान खाली घालून बसली होती. हे त्याच्या एकट्यासाठीच होतं.

"मुलगी आहे..." त्याचे ओठ हलले. "माझी मुलगी आहे एक. हरवलीय."

"अगंबाई..." आवाज कळवळला. मग जरा थांबून, अगदी मायेने म्हणाला, "रडू नका हं, काका. सापडेल. तुम्ही इथंच थांबा, मी त्या बाजूला बघून येते."

"काय झालं?" आतून न्यायाधीशांनी विचारलं. "हजर की गैरहजर?"

"गैरहजर, साहेब," भोंगा म्हणाला.

मागे फौजदाराला पिंजऱ्यात बोलावलं गेलं. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि सगळं दालन कान टवकारून पुढे झुकलं. भोंगा मात्र दारातच उभा होता, व्हरांड्याकडे तोंड करून. तिथे वारा नव्हता, माणूस नव्हतं. पण दोन्ही बाजूंची बंद दारं एकेक करून हळूच उघडत होती, कुणी आत डोकावून बघावं इतपत, आणि पुन्हा लागत होती. शेवटचं दार लागलं, आणि मग जिन्याखाली, खालच्या मजल्यावर, पहिलं दार उघडल्याचा आवाज आला.