बॉनेटवरचा हात

खरं की खोटं ते तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. हे खरंच आहे. ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा मावसभाऊ, आणि असली गोष्ट रचण्याइतकी अक्कल त्याच्या डोक्यात असती तर बऱ्याच गोष्टी घडल्याच नसत्या.

अमावास्या नव्हती. वडाचं झाड नव्हतं. गेल्या दसऱ्यानंतरची भर दुपार होती आणि जागा होती बेळगावजवळच्या मच्छे गावात, कारखान्यांच्या वस्तीतलं युवराजचं दुकान.

युवराज, म्हणजे हाच मावसभाऊ, येळ्ळूरचा. जुन्या गाड्यांचा विटलेला रंग घासून, पॉलिश मारून परत उजळवून देतो. हात चांगला आहे त्याचा, ते मी नाकारत नाही. पण तोंड... त्याच्या लेखी सगळं जग अडाणी. कुणी रॉकेलच्या फडक्यानं गाडी पुसली, अडाणी. कुणी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अडाणी.

आणि हा शहाणा? लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही, डॉक्टरांनी दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं, तर हा गेलाच नाही. "माझ्यात काय खोट न्हाय," म्हणाला. झालं. खोट सौम्याची ठरली, म्हणजे त्याच्या बायकोची.

शालूबाई, माझी मावशी, उठता-बसता एकच धोशा लावायची. "दसरा झाला की पोचव तिला म्हायेरी."

सौम्या ऐकायची आणि भाकऱ्या थापत राहायची. 'पोचव' म्हणजे कायमचं, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

अशात निपाणीहून वृषभ नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी आली. तंबाखूच्या व्यापाऱ्याचं घर. त्याचे वडील जिनदत्तआप्पा, त्यांनी हौसेनं घेतलेली हिरवी अँबॅसिडर. आता दिव्याच्या, म्हणजे वृषभच्या लेकीच्या, लग्नात ती मिरवायची होती. वखारीबाहेर उन्हात उभी राहून राहून तिचा रंग मेला होता. बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी पूड लागायची.

फक्त एका जागी लागत नव्हती...

बॉनेटवर, डाव्या बाजूला, एक हात होता. बाईच्या उघड्या पंजाएवढ्या जागेत रंग अगदी पहिल्या दिवसासारखा, गर्द हिरवा.

"आमच्यात रीत हुती," वृषभ म्हणाला. "नवी गाडी दारात आली की सुनंनं हळदीचा हात उमटवायचा. आप्पांच्या पहिल्या बायकोचा हाय ह्यो, राजमतीचा. मूल न्हवतं तिला. आप्पांनी ह्याच गाडीतनं म्हायेरी पोचवली, मग माझी आई आली."

"आणि ती?" युवराजनं विचारलं.

"वारली तिकडंच. ते सोडा वो. पाव्हणे इचारत्यात, हात कुणाचा म्हणून. तेवढा घालवा."

टायर बदलल्याचं सांगावं तसं सांगितलं त्यानं. युवराजलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

"हळदीनं ऊन अडवलं, म्हणून खालचा रंग टिकला," त्यानं ज्ञान पाजळलं. "बाकीचा उजळला की सगळं एकसारखं हुईल. हात आपोआप दिसायचा न्हाय."

दुपारी सौम्या डबा घेऊन आली. तिनं तो हात बघितला. कुणाचा म्हणून विचारलं, आणि यानं तोंडात घास ठेवून सगळी कथा सांगितली. वर हसला.

सौम्यानं आपला पंजा त्यावर ठेवला.

बरोब्बर बसला. बोटाला बोट.

"हिला परत आणाय कोण गेलंच न्हाय?" तिनं विचारलं.

"कशाला जातंय कोण?"

ती डबा आवरून निघून गेली.

युवराजनं पॉलिशचं मशीन लावलं. जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, त्यामुळे मशीनच्या गादीला गाडीचाच रंग लागतो. गादी हिरवी होत गेली, वरचा मेलेला थर निघत गेला. तासाभरात बॉनेटमध्ये छताचे पत्रे दिसायला लागले.

आणि मग त्यानं डावीकडे बघितलं...

हात होताच.

फक्त आता उलटा प्रकार झाला होता. सगळं बॉनेट चकचकीत, आणि तेवढा पंजा विटलेला. पांढरट. बाकीच्या गाडीचं सगळं म्हातारपण त्या हातात गोळा झाल्यासारखं.

युवराज चिडला. मशीन दाबून धरलं. गादी फिरत राहिली... आणि हिरवी गादी पिवळी व्हायला लागली.

दुकानात हळदीचा वास सुटला. ओल्या हळदीचा.

तेवढ्यात वीज गेली. मशीन थांबलं. बाहेरच्या कारखान्यांची घरघरही थांबली. एकदम सगळं गप्प.

थप्...

पत्र्यावर कुणीतरी तळहात टेकवल्याचा आवाज झाला.

मग खाड्कन् दार लागलं.

तो वळला. अँबॅसिडरची मागची दारं त्यानं मुद्दाम उघडी टाकली होती, आतला कुबट वास जावा म्हणून. त्यातलं एक आता बंद होतं. प्रवासाला निघालेल्या माणसानं आत बसून लावून घ्यावं तसं.

आत कुणी नव्हतं.

"वाऱ्यानं लागलं आसंल," असं तो नंतर मला म्हणाला. ते दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. कुठला वारा?

वीज आल्यावर त्यानं पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, घेतला आणि तो हात घासून घासून काढला. वर मेण चढवलं. मग बॉनेटवर पाणी ओतलं. पाणी थेंब होऊन सरसर ओघळलं.

एका जागी तेवढं थांबलं... पाच बोटांच्या आकारात.

त्यानं फडक्यानं टिपून घेतलं आणि वृषभला फोन केला. "झालं. या घेऊन जावा." पाण्यात पंजा दिसला ते सांगितलं नाही. धंद्याचं नाव जाईल ना!

त्याच आठवड्यात, रविवारी, युवराजनं सौम्याला तिच्या माहेरी, नंदगडला, पोचवलं. आपल्याच पांढऱ्या गाडीतनं. ती वाटेत रडलीही नाही. उतरताना पट्टा काढला, पिशवी घेतली आणि मागं न बघता आत गेली. हा परत फिरला.

गाव मागं पडलं, आणि गाडी वाजायला लागली. पिं... पिं... पिं...

शेजारच्या सीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की ती गाडी अशी वाजते.

सीट रिकामी होती.

त्यानं सीटवर हात फिरवला. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. आवाज मात्र वाढत गेला. खानापूर आलं, गेलं. शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली, तिकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून अडकवला.

आवाज थांबला.

सकाळी दारात बघतो, तर गाडीच्या बॉनेटवर, डाव्या बाजूला, विटका पंजा.

ज्यानं अख्ख्या बेळगावातल्या गाड्या उजळवल्या, त्याला स्वतःच्या गाडीवरचा एक हात निघेना. दुकानात घासला की जायचा, घराच्या दारात गाडी लावली की उमटायचा. मावशीनं लिंबू बांधलं, मिरच्या बांधल्या. मग तिची बडबड बंद झाली आणि ती गाडीकडे बघायचीच बंद झाली.

दिवाळीच्या तोंडावर युवराज नंदगडला गेला. मला वाटलं, सुधारलं बेणं. कसलं काय! अंगणात उभं राहून बायकोला पहिलं वाक्य काय बोलावं यानं?

"सौम्या, ह्ये जात न्हाय गं. चल घरला. तू आलीस की जाईल."

सौम्या पायरी उतरून आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला. बरोब्बर बसला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही.

"म्हंजे मला न्यायला न्हाय आलासा तुम्ही," ती म्हणाली. "ह्ये पुसाय आलासा."

युवराज बॉनेटकडेच बघत होता.

"पुसा की मग. पुसायचंच तर काम तुमचं."

तिनं दार लावून घेतलं. ती आता तिकडंच एका शाळेत शिकवते, आणि बरी आहे. मी तिला फोन करते. त्या हाताबद्दल विचारलं की ती विषय बदलते.

युवराजला मात्र मी तोंडावर हसते. चांगली जिरली, म्हणते. माझ्या मनात त्याच्याबद्दल काडीची दया नाही, हे मी इथं स्पष्ट लिहिते.

परवा तो मला बेळगावच्या स्टँडवर सोडायला आला. मी पुढचं दार उघडलं. रिकाम्या सीटवरून पट्टा अडकवलेला होता.

"काढ की," मी म्हटलं.

"तू काढ," तो म्हणाला.

मी पट्ट्याला हात लावला... तो सैल नव्हता. अंगासरसा बसावा तसा पुढं ताणलेला होता, मध्ये माणसाएवढी जागा सोडून.

मी दार हळूच लावलं आणि मागं जाऊन बसले.